गौरीच्या गारगोट्या

सुनंदाने गॅलरीतल्या नळाखालची परात उचलली आणि ती जागीच थबकली. परातीत तिच्या नवऱ्याच्या सात गारगोट्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत.

ओरडावं तर तोंड बंद. खड्यांच्या गौरी पाणवठ्यावरून आणायच्या त्या मुक्याने, मागे वळून न बघता. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर पाणवठा कुठला? म्हणून सासूबाई, म्हणजे सोनूबाई, दरवर्षी आवारातले सात खडे नळाखाली ठेवत आणि सुनंदा ते घरात आणी. यंदा खडे भलतेच होते. तिने डोळे मोठे केले, मान हलवून पाहिली. सोनूबाई मात्र दारात घंटा वाजवत उभ्या.

"चल गं, खोळंबू नकोस. मुहूर्त टळेल."

तिला बोलायची मुभा मिळाली तोवर गारगोट्या गणपतीशेजारी पाटावर बसल्या होत्या आणि त्यांना हळदकुंकूही लागलं होतं.

"अहो आई, हे तर ह्यांचे..."

"आता कुणाचे नाहीत. गौर आहे ती. हात जोड."

संध्याकाळी तिचा नवरा जयवंत कामावरून आला, पाटाकडे बघितलं आणि चपलांसकट खाली बसला.

तीन वर्षं त्याला गारगोट्या घासून चमकवायचं वेड होतं. मे महिन्यात गावच्या नदीतून पिशवीभर पांढऱ्या गारगोट्या आणायच्या. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडच्या मोटरवर डालड्याचा डबा आडवा फिरवायचा. डब्यात दगड, पाणी आणि घासायची पावडर. एक आठवडा जाडी पावडर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिशची. महिनाभर घरात घरघर.

"लोक धान्य दळतात, माझा लेक दगड दळतो," सोनूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

एवढं करून निम्म्या गारगोट्या तडकत, उरलेल्यांना टवके. तीन वर्षांत त्याच्या मनासारख्या उतरल्या त्या ह्या सात. रविवारी घाटकोपरला छंदांचं प्रदर्शन होतं. मागच्या दोन्ही खेपांना त्याला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नव्हतं आणि ऑफिसात त्याचं नाव 'दगडोबा' पडलं होतं. यंदा नंबर आला नाही तर मोटर भंगारवाल्याला परत, असं तो वैतागून सगळ्यांसमोर बोलून बसला होता. आता त्याला त्याचा फार पश्चात्ताप होत होता.

"मी कपाटावरच्या डब्यात ठेवल्या होत्या गं," तो स्वयंपाकघरात कुजबुजला.

"रोज रात्री नळाखाली धूत बसता ना? राहिल्या असतील तिथेच."

जयवंतने डोकं खाजवलं. गेल्याच महिन्यात तो छत्री ऑफिसात आणि जेवणाचा डबा बसमध्ये विसरून आला होता. अशा माणसाने भांडायचं कोणत्या तोंडाने?

"आईला सांग ना तू."

"काय सांगू? देव परत द्या म्हणून?"

रविवारी दुपारी विसर्जन. गौरी तलावात जाणार आणि पाच वाजता घाटकोपरला जयवंत हात हलवत उभा राहणार. सुनंदाला त्या घरघरीचा कंटाळा होता, पण नवऱ्याचं पडलेलं तोंड तिला त्याहून बघवेना.

शनिवारी पूजा झाली, घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला. दुपारी सोनूबाई दुसऱ्या मजल्यावरच्या कमळकडची गौर बघायला गेल्या. त्यांची पावलं जिना उतरल्यावर सुनंदा दारात पहाऱ्याला उभी राहिली.

"आवरा लवकर. उद्या पाहुणे आले की आई पाटासमोरून हलायच्या नाहीत."

जयवंतने पिशवीतल्या सात कच्च्या गारगोट्या पाटावर मांडल्या, वर हळदकुंकू आणि फुलांचा ढीग केला. चमकणाऱ्या सात खिशात टाकल्या. मग साष्टांग नमस्कार घालून म्हणाला, "माते, माफ कर. पुढच्या वर्षी ओटीला साडी नेसवतो." घाईत तो काय बोलला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

सोनूबाई परत आल्या. पाटासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

"गौर आज सुकल्यासारखी दिसत्ये गं."

"दमली असेल," सुनंदा म्हणाली. "सकाळपासून किती माणसं आली."

"हं," म्हणून सोनूबाई वाती वळायला बसल्या.

रविवारी वाजतगाजत विसर्जन झालं. जयवंत तलावावरूनच घाटकोपरला पळाला.

रात्री आठला तो जिन्यातूनच ओरडत आला. "सुनंदा! दुसरा नंबर! काडेपेट्यांच्या छापांना पहिला, मला दुसरा!" हातात प्रशस्तिपत्र, काखेत पेढ्यांचा पुडा. त्याला एवढा आनंद नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. सुनंदाने चौकट मागवायची ठरवून टाकली.

पेढा घेऊन तो आईच्या पाया पडायला वाकला आणि मनातली टोचणी वर आली.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस. त्या गारगोट्या... मी शनिवारी..."

"ठाऊक आहे," सोनूबाई म्हणाल्या. "त्यांना तिन्ही दिवस पूजा घडली असती, तर पहिला नंबर कुठे जात नव्हता. त्या नंबरासाठीच तर स्टुलावर चढून तुझा डबा उतरवला मी, ह्या गुडघ्यांनी."

त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि आवारातले सात ओबडधोबड खडे त्याच्या हातावर ठेवले. "आज विसर्जनाला निघायच्या आधी मीच हे पाटावर ठेवून तुझ्या गारगोट्या काढून घेणार होते. तुला एक दिवस धीर निघाला नाही."