दुपट्ट्याखालचा भाव

रुपराव म्हणजे नागपूरच्या बैलबाजारातले नामी दलाल. घेणाऱ्यानं बैलाचे दात पाहून घेतले की ते त्याचा हात आपल्या दुपट्ट्याखाली ओढत आणि बोटं दाबून भाव ठरवत. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नसे. “धंदा असो का संसार,” ते सगळ्यांना सांगत, “तोंडानं गोड बोलाव, कामाचं बोटानं बोलाव.”

हुंडाबंदीचा कायदा नुकताच झाला होता. रुपराव आपल्या कारकून मुलाला घेऊन शहरातल्या महाल भागात महादेवरावांची मुलगी पाहायला गेले. महादेवरावांचा धंदा गुरांची ढेप, म्हणजे पेंड, विकायचा, त्यामुळे त्यांच्या या मुलीचं, वच्छलाचं, लहानपण बैलबाजारातच गेलेलं.

पोहे झाले, चहा आला. चार पाहुण्यांदेखत रुपराव खणखणीत आवाजात म्हणाले, “आमाले काईच नको जी, महादेवराव. पोरगी अन् नारळ, बस!” पाहुण्यांनी माना डोलावल्या. एका मास्तरांना तर गहिवरूनच आलं.

बोलता बोलता रुपरावांचा दुपट्टा महादेवरावांच्या हातावर सरकला. महादेवरावांच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी मान हलवली, दुपट्टा पुन्हा थोडा हलला, आणि शेवटी दोघांचेही चेहरे मोकळे झाले.

“जमलं!” रुपराव म्हणाले.

कपबशा उचलता उचलता वच्छलानं त्या दुपट्ट्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून बसलेल्या नवरदेवाकडे.



“बाबा, भाव तं ठरला,” ती म्हणाली, “पण दात पाहाचे राहिले ना. त्यायले तोंड उघडाले सांगा.”