शब्द न् शब्द वाचा

"आख्ख्या बीड जिल्ह्यात ब्रेल लिपीत जाहीरनामा छापणारा पहिला उमेदवार म्हंजे मी!" गेवराईच्या चौकसभेत नगराध्यक्षपदाचे उमेदवार हरिओमभाऊ छाती फुगवून सांगत होते. तो वाचून दाखवायला शाळेतल्या संगीताच्या सत्यभामाबाईंना खास गाडी पाठवून आणलं होतं. बाई जन्मांध.

कार्यकर्त्यानं त्यांच्या हातात कागद दिला. "बघा मॅडम, पानभर ठिपकेच ठिपके! पक्षाच्या रंगात छापून घेतलेत."

रंगात म्हटल्यावर बाईंनी लगेच कागदावर बोट टेकवलं. ब्रेलचा ठिपका कागदातून वर उठलेला असतो, तो बोटाला लागतो. इथं वरच्या कोपऱ्यात टेकवलेलं बोट घसरत थेट खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. कागद लग्नपत्रिकेसारखा गुळगुळीत होता. शहाण्यांनी नुसतं ठिपक्यांचं चित्र छापलं होतं, तेही डोळसांना बघायला.

भाऊंनी माइक बाईंच्या तोंडापुढं धरला. "सांगा बाई पब्लिकला, आमी दिव्यांग बांधवांसाठी काय काय करणार हाय!"

"ह्याच्यात हाय तेवढंच सांगू ना, भाऊ?"

"शब्द न् शब्द वाचा! एक अक्षर सोडू नका."

बाईंनी पुन्हा एकदा सगळ्या पानावरून बोट फिरवलं. कागद उलटून मागची बाजूही नीट चाचपली. मग माइकजवळ तोंड नेऊन, इमानदारीनं, एक अक्षर न सोडता वाचलं,

"काहीच न्हाई."