बडीशेप जाता जात नाही

"दहा मिनिटं," निदियाबाई म्हणाल्या. "माझ्या मशीनला दहा मिनिटं पुरतात. तुला किती लागतील?"

"दुपार होईल, बाई," योलिमा म्हणाली.

काउंटरवर अगदी सारखे दोन व्हेप ठेवले होते, दोन्ही म्हाताऱ्या आर्सेसिओचे. एक घरी ओढायचा, एक टॅक्सीत. सहा महिने त्याने दोन्हींत बडीशेपेचं लिक्विड भरलं होतं. आता त्याला लुलोचं हवं होतं, आपल्या त्या आंबट हिरव्या फळाचं. पण व्हेपमधल्या जुन्या कॉइलवर, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, नवी चव भरली तर नवीतून जुनीच डोकावते, आणि बडीशेप तर महाचिवट.

"हौस म्हणून नाही बदलत मी," आर्सेसिओ म्हणाला. "डॉक्टरने दारू बंद केलीय. आपली दारू म्हणजे बडीशेपेची. हा वास आला की पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात. आज पस्तिसावा दिवस आहे, योलिमा. पुढचे तुझ्या हातात."

"बसा शेजारी, कॉफी घ्या," योलिमा म्हणाली. आमच्या पेरेरा शहरात दुकानदारीण गिऱ्हाइकाला शेजारीच म्हणते, मग तो गावाच्या दुसऱ्या टोकाला का राहत असेना.

निदियाबाईंनी हे दुकान गेल्याच महिन्यात घेतलं होतं. सोबत काली शहराहून एक मशीन आणलं होतं. त्यातल्या पाण्यात कॉइल टाकायची, बटण दाबायचं, की पाणी थरथरून मळ सुटतो. एका कामाला दोघं कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून आज मशीन आणि योलिमा यांची शर्यत लावायची: एक व्हेप मशीनला, एक तिला. मशीन जिंकलं तर सोमवारपासून योलिमाने यायचं नाही. योलिमाचं वय सेहेचाळीस, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि हात एवढ्याच एका कामात बसलेला.

पण काय हात होता तो. मानिसालेसहून माणसं बस पकडून तिच्याकडे कॉइल घेऊन येत. योलिमाचं नाक म्हणजे शिकारी कुत्र्याचं नाक, असं सगळा बाजार म्हणायचा. तिची एक रीत होती. धुऊन झालं की पहिला झुरका गिऱ्हाइकाचा. ती स्वतः कधी ओढून बघत नसे. लोक म्हणत, काय बाईची अदब आहे. गिऱ्हाईक झुरका घेई तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघे. कपाळावर एक आठी दिसली, की त्याच्या हातातून व्हेप काढून घेऊन पहिल्यापासून सुरुवात.

दहा मिनिटांत मशीनची घंटा वाजली. निदियाबाईंनी कॉइल पुसली, तिच्यातला लिक्विड शोषणारा कापूस बदलला, लुलो भरला आणि व्हेप बाजूला ठेवला. मग खुर्ची ओढून योलिमाचं काम बघत बसल्या.

योलिमाने सगळं सुटं केलं. काळा पडलेला कापूस चिमट्याने उपसून फेकला. कॉइल गरम पाण्यात, मग स्पिरिटमध्ये, मग परत गरम पाण्यात. खडखडीत वाळल्यावर तिला हलका करंट देऊन लालबुंद केली, वरची काजळी नाजूक ब्रशने झाडली, आणि तेच सगळं पुन्हा. टाकीची काच उकळली, तोंडाची नळी उकळली. मग टाकीच्या सांध्यातल्या, नखाएवढ्या रबरी कड्या काढून कचऱ्यात टाकल्या आणि नव्या बसवल्या.

"कड्या कशाला गं? चांगल्या तर होत्या," निदियाबाई म्हणाल्या.

"रबर वास धरून बसतं, बाई."

तिसऱ्या पाण्याला निदियाबाईंनी वाटी नाकाशी नेली. "यात आता काही उरलेलं नाही."

"असू दे," योलिमा म्हणाली, आणि चौथं पाणी घेतलं. मग पाचवं. मग सहावं.

तिच्या कोपराशी छोट्या शेगडीवर तिचा मक्याचा अरेपा, म्हणजे जाड भाकरी, भाजत ठेवलेला होता. निदियाबाई एकदम उठल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. "अगं, खालून कोळसा झाला. कामात असलीस की दुकान पेटलं तरी तुला पत्ता लागायचा नाही." योलिमा ओशाळून हसली आणि तो करपलेला अरेपा तसाच खाऊन टाकला. असं बुडून काम करणारं माणूस या बाजाराने दुसरं पाहिलेलं नाही.

बारा वाजून गेल्यावर तिने नवा कापूस भरला, त्यात लुलो सोडला आणि व्हेप आर्सेसिओसमोर ठेवला.

आर्सेसिओने आधी मशीनचा ओढला. डोळे मिटले आणि व्हेप दूर सारला. "आहे. पुढून लुलो, पण मागून घशाशी ती येतेच. हा मला नको."

मग त्याने योलिमाचा उचलला. ती त्याच्या कपाळाकडे बघत उभी राहिली. त्याने एक झुरका घेतला, थांबून दुसरा, मग तिसरा. कपाळ कोऱ्या कागदासारखं होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

"नुसता लुलो," तो म्हणाला. "पोरी, गुत्त्याकडे नाही, तू मला घरी पाठवलंस."

निदियाबाई मनाच्या कोत्या नव्हत्या. त्यांनी योलिमाचा हात हातात घेतला. "हरले मी. आणि मूर्खही ठरले. तुझ्यासारख्या बाईला मी भांडी घासायला बसवत होते. सोमवारपासून धुणं सगळं मशीन करेल. तू फक्त खुर्चीत बसायचं, एकेक व्हेप नाकाशी धरायचा, आणि वास गेला का ते सांगायचं. पगार दीडपट."

"अस्सं," आर्सेसिओ म्हणाला. "मानलं तुम्हाला, बाई."

योलिमाने फडक्याला हात पुसले.

"बाई, मला धुऊच द्या."

"का पण? वास गेला हे तुला कळतं तसं आणखी कुणाला कळतं?"

"मला कळत नाही, बाई," योलिमा म्हणाली. "चार वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. म्हणून तर मी थांबत नाही."