राजीनाम्याचा सराव

कंपनी इतकी चांगली होती की ती सोडायची म्हटलं तरी माणसाला लाज वाटायची. पॅकिंगच्या सुपरवायझरला मात्र सोडायची होती. मेव्हण्याच्या रोपवाटिकेत भागीदारी ठरली होती आणि बायको रोज विचारायची, "आज तरी बोललात का?"

तेवढ्यात 'चांगली माणसं कशी टिकवावीत' यावर साहेबलोकांचं ट्रेनिंग लागलं. सरावाला कुणीतरी खोटा राजीनामा द्यायचा होता. याने हात वर केला आणि सगळ्यांसमोर खराखुरा देऊन टाकला. रोपांबद्दल सांगताना तर कलम कसं बांधायचं तेही त्याने हातवारे करून दाखवलं. हॉलभर टाळ्या पडल्या.

"असलं टॅलेंट पॅकिंगमध्ये सडत होतं," ट्रेनर हळहळला आणि बढती देऊन त्याला ट्रेनिंग विभागात घेतलं.

मग तो दर आठवड्याला एका नव्या साहेबासमोर राजीनामा द्यायचा, साहेब त्याला थांबवायचा आणि हा साहेबाला मार्क द्यायचा. मोठे साहेब स्वतः दोनदा नापास झाले होते.

शेवटी मेव्हण्याने निर्वाणीचं सांगितलं, "दाजी, सोमवारी या, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

तो तडक मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेला, दार लावून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मला खरंच जायचंय हो."

साहेबांनी फोन उलटा ठेवला, पाण्याचा ग्लास पुढे केला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग घाबरत घाबरत विचारलं,



"या वेळी तरी पास ना?"