आठ पावलं

झाकणाचे पाच बोल्ट निघाले होते. सहावा हलायला तयार नव्हता. फिटरने त्यावर तेल सोडलं, पाना लावला आणि परत बाजूला ठेवला. खरं तर बोल्ट इतकाही घट्ट नव्हता. त्याचाच हात पुढे जात नव्हता.

बंद पडलेल्या रबराच्या कारखान्यातलं हे शेवटचं मशीन. दोन जाडजूड लोखंडी रूळ. मधून रबराची लादी जायची आणि पलीकडे पातळ होऊन निघायची. मागच्या अंगाला एक दांडा होता. तो ओढला की रूळ उलटे फिरायचे आणि अडकलेलं बाहेर यायचं. त्या दांड्याचा गिअर या झाकणाखाली होता. भंगारवाल्याला त्यातलं पितळ वेगळं हवं होतं, म्हणून झाकण उघडणं भाग होतं. एकोणीस वर्षांत ते कुणी उघडल्याचं ऐकिवात नव्हतं. फिटरने तर नाहीच नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी याच रुळांत पैलवानाचा उजवा हात गेला होता. पैलवान हे त्याचं कारखान्यातलं नाव. हे मशीन तोच चालवायचा. आधी बोटं गेली, मग तळवा. मशीन थांबवायची दोरी फिटरने ओढली, ती तुटून हातात आली. रूळ सावकाश हात आत घेत होते. मागचा दांडा आठ पावलांवर होता. रबर कापायचा कोयता हाताशी होता. दर महिन्याला तो दांडा ओढून पाहायचं काम फिटरचंच होतं. पण गेले दोन महिने त्याने कंटाळा करून वहीत नुसतीच खूण केली होती. दांडा चालला नाही, तर तेवढ्यात खांद्यापर्यंत सगळं जाईल, माणूसच हातचा जाईल. फिटरने कोयता उचलला.

"दांडा ओढून बघितला होता का?" मॅनेजरने नंतर विचारलं.

"बघितला ना साहेब. जाम होता."

ते धडधडीत खोटं होतं. तो तिकडे फिरकलाच नव्हता.

चार महिन्यांनी पैलवान कामावर परतला, गेटवरचा पहारेकरी म्हणून. चौकशीलाही तेव्हाच मुहूर्त लागला. पुढच्याच आठवड्यात फॅक्टरी इन्स्पेक्टर आला आणि सगळ्यांसमोर त्याने दांड्याला हात घातला. दांडा हलला तर फिटरची नोकरी जाणारच होती, पुढे तुरुंगही दिसत होता. पण दांडा तसूभर हलला नाही. इन्स्पेक्टरने दोन्ही हातांनी जोर लावला, घाम पुसला आणि 'जाम' असं लिहून घेतलं. ते मशीन पुन्हा चालू झालंच नाही.

त्या एका शब्दावर फिटरने पुढचं आयुष्य काढलं. म्हणजे गेलो असतो तरी उपयोग नव्हता. म्हणजे कोयताच बरोबर होता. दिवसा हे पटायचं. पडल्या पडल्या मात्र पटेनासं व्हायचं. खाटेपासून नळापर्यंत आठ पावलं होती, नळापासून दारापर्यंत आठ. "अहो, काय पुटपुटताय?" बायको विचारायची. "काही नाही गं," तो म्हणायचा. घरात साधी सुरी तो हातात धरत नसे. पैलवानाची मुलगी भेटेल त्याला सांगायची, फिटरकाका होते म्हणून माझे बाबा राहिले. तिच्या लग्नात त्याला मानाने पुढे बसवलं. त्याने ताट तसंच सोडलं.

पैलवान स्वतः मात्र थट्टेवारी न्यायचा. दर सहा महिन्यांनी कामगारांना हातमोज्यांची जोडी मिळायची. "मला अर्धीच द्या," तो म्हणायचा. स्टोअरकीपर ऐकायचा नाही, नियमात अर्धी जोडी बसत नव्हती. मग डावा मोजा पैलवान वापरायचा आणि उजवा कोराच्या कोरा गेटच्या खोलीत टांगायचा. खिळ्यांवर अशी रांगच लागली होती. सगळे निळे. परतल्यावर मिळालेली पहिली जोडी तेवढी पिवळी, चामड्याची होती. नंतर मालक बदलले आणि चामडं गेलं.

आत्ता तो दारात येऊन उभा होता.

"राहू दे रे ते झाकण," तो म्हणाला. "अख्खंच नेईल भंगारवाला."

"पितळ वेगळं मागितलंय त्याने."

"मग त्याचं तो काढील. तू चहा घे चल."

"मला एकदा बघायचंय. कशाने जाम झाला होता ते."

पैलवानाने मोकळ्या बाहीचं टोक खिशात खोचलं.

"बघून मला काय हात फुटणार आहे?" तो म्हणाला आणि गेटकडे चालू लागला.

फिटरने सहावा बोल्ट काढला आणि झाकण खाली ठेवलं. आतलं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं. ते त्याने खरवडलं. गंज नव्हता. एकही दाता तुटलेला नव्हता. दात्यांच्या मध्ये मात्र काहीतरी ठासून बसवलेलं होतं. आधी त्याला वाटलं, पुसायचं फडकं राहिलं असेल कुणाचं. पक्कड लावून त्याने ते ओढलं. ते निघालं आणि मागचा दांडा आपल्या वजनानेच, आवाज न करता, खाली आला.

फिटरला बसावंसं वाटलं. तो जमिनीवरच बसला. हातातली घडी कडक झाली होती, ती उलगडायला वेळ लागला. मग एकेक करून पाच बोटं सुटी झाली.

उजव्या हाताचा मोजा होता तो. कोरा. पिवळा.