शाब्बास, बाबा!

बाबा पट्टीचे किल्लीवाले, पण पक्षाघातानंतर डोकंच चालेना. डॉक्टरीणबाईंनी टॅब्लेटवर तुकडे जुळवायची कोडी दिली, लेकीला बजावलं, "चुकू दे त्यांना, चुकूनच शिकतील." पण हिला कुठला धीर! बाबांना डुलकी लागली, की ही कोडं सोडवून मोकळी. जाग आल्यावर 'शाब्बास!' वाचून बाबा खिशातली किल्ली चाचपायचे, "सुटलं की गं! आता दुकान उघडतो बघ." टॅब्लेटलाही वाटलं, बाबा हुशार झाले, तो आणखी अवघड कोडी घालत सुटला. आज बाबा घामाघूम झाले, तरी एकही तुकडा बसेना. "डोकं कामातूनच गेलं," म्हणत त्यांनी कपाळ बडवलं, तेव्हा तिला राहवेना. "डोकं नाही, बाबा, कोडीच अवघड झालीत! आधीची सगळी मीच सोडवली." बाबा थबकले. "सगळी?" तिची मान खाली गेली. बाबांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "मग दुकानही तूच उघड."