पाटीवरचा पोपट

सोपान गायकवाड शाळेच्या दारात आला तो हुकूम सोडतच.

"बाई, आमच्या रतनला न्यायला आलोय. उद्यापासनं ती येनार न्हाई. धाकट्याला सांभाळायला घरी कोन न्हाई."

इंदुरीच्या लोकल बोर्डाच्या शाळेत नंदाबाई आल्यापासून एक गोष्ट गावाला कळून चुकली होती. त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस त्यांचंच एखादं काम अंगावर घेऊन परत यायचा.

"न्या की, पोर तुमची आहे," बाई म्हणाल्या. "पण आमचा राक्षस तापानं निजलाय आणि खेळ अडलाय. तेवढा राक्षस होता का? मग खुशाल घेऊन जा."

वर्गात खसखस पिकली. सोपानच्या मिशा सगळ्या गावाला ठाऊक होत्या. आता नाही म्हणावं, तर पोरं म्हणणार, घाबरला. त्यानं वहाणा काढल्या.

"मला काय बी पाठ न्हाई, बरं का."

"पाठ कुणालाच नाही. राक्षसाला जे वाटेल ते राक्षसानं बोलायचं."

"माणूसघाण येतीय!" सोपान खच्चून ओरडला, आणि पहिल्या रांगेतल्या एकानं खरोखरच भोकाड पसरलं. सोपानला मजा वाटली. तो आणखी जोरात ओरडला. गोष्ट त्याला लहानपणापासून ठाऊक होती. राक्षसानं राजकन्या पळवून आणायची, आणि तिनं गोड बोलून त्याच्या जीवाचा ठावठिकाणा काढून घ्यायचा.

राजकन्या पुढे आली. डोक्यावरून बाईंची शाल घेतलेली रतनच ती.

"राक्षसा, लय दमलास. पाय चेपू का?"

सोपान चपापला. घरी ही पोर मान वर करून बोलायची नाही.

"चेप."

"तुला कुनी मारंल म्हनून लय भ्या वाटतं मला. तुझा जीव कुटं हाय रं?"

बापाला 'रं'! पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सोपान मात्र मिशीतल्या मिशीत हसला.

"कुनाला सांगू नगं. सात समुद्रांपल्याड पिंजरा हाय. त्यातल्या पोपटात."

आता राजपुत्रानं पोपटाची मान मुरगळायची, की गोष्ट संपली. राजपुत्र उठलाही. रतननं त्याला हातानं मागं सारलं आणि पोपट स्वतःच उचलला. पोपट म्हणजे तिची पाटी. पेन्सिलीनं काढलेला, चोच जरा जास्तच मोठी झालेला. तिच्या दुसऱ्या हातात पाटी पुसायचं ओलं फडकं होतं.

"मला घरी नेलंस, तर पाटीचं काम संपलं. मंग पुसूनच टाकते. पुसू?"

हे बाईंनी शिकवलेलं नव्हतं.

खेळ आहे, सोपाननं स्वतःला बजावलं. पण फडकं चोचीपाशी आलं तसा त्याचा हात आपसूक पुढे झाला. पोरगी नजरेला नजर देऊन उभी होती. आपल्या घरात एवढं धीराचं माणूस राहतं, हे त्याला आजच कळत होतं. त्याला तिची भीती वाटली, आणि अभिमानही वाटला.

"पुसू नगं," तो म्हणाला.

"मंग?"

"धाकट्याला तुझ्या आत्याकडं सोडीन."

फडकं खाली आलं. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला.

"अहो, पण उद्याचं गणित हिनं मांडायचं कशावर?" बाईंनी विचारलं. "पाटी तर पोपटानं अडवली."

सोपान दारात वहाणा घालत होता.

"तळेगावच्या बाजारातनं दुसरी आनतो." रतन पाटी छातीशी धरून उभी होती. तिकडे बघत तो म्हणाला, "पर हिला जपा, बाई. माझा जीव हिच्यात हाय."